पाण्यात उतरणारा कॅमेरा: दणकट जलरोधक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची निवड, वापर आणि निगा

खिशात मावणारा, वेगळे आवरण न चढवता पाण्यात नेता येणारा, हातातून निसटून पडला तरी बहुधा चालू राहणारा आणि धुळीला व थंडीला दाद न देणारा कॅमेरा म्हणजे दणकट जलरोधक कॉम्पॅक्ट कॅमेरा. स्मार्टफोनने साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची बाजारपेठ जवळजवळ संपवली, तरी हा प्रकार टिकून आहे. समुद्रकिनारा, वाळवंट, बर्फ, पावसाळी डोंगर आणि बांधकामाची जागा, जिथे जिथे महागडा फोन बाहेर काढताना हात आखडतो, तिथे त्याची गरज भासते.

परदेशात नोकरी करणाऱ्या माणसासाठी या गरजेला आणखी एक पदर आहे. त्याच्या फोनमध्ये बँकेचे व्यवहार, निवासाचे ओळखपत्र, विमानाचे तिकीट आणि भारतातील खात्यासाठी ओटीपी येणारे सिमकार्ड असे सारे एकवटलेले असते. सहलीत फोन बुडाला तर छायाचित्रांबरोबर हे सगळे व्यवहारही काही दिवस ठप्प होतात. कॅमेरा बुडाला तर केवळ कॅमेरा जातो. जोखीम अशी वेगळी काढणे हे हा कॅमेरा बाळगण्याचे सर्वांत व्यवहारी कारण आहे.

मात्र ‘जलरोधक’ हा शब्द फसवा आहे. जलरोधकता हा कॅमेऱ्याच्या अंगचा कायमचा गुण नसून ती राखावी लागणारी स्थिती आहे. खोक्यावर छापलेला आकडा हे नव्या, स्वच्छ आणि नीट बंद केलेल्या कॅमेऱ्याबद्दलचे विधान असते. पुढच्या प्रत्येक सहलीत ते खरे राहील की नाही, हे बहुतांशी वापरणाऱ्यावर अवलंबून असते.

पूर्वपीठिका

पाण्याखाली स्वतंत्र पेटीशिवाय वापरता येणारा पहिला यशस्वी ३५ मिलिमीटर कॅमेरा ‘कॅलिप्सो’. बेल्जियन अभियंता ज्याँ द वूटर्स यांनी तो घडवला आणि त्यामागची प्रेरणा होती समुद्रसंशोधक जाक-इव्ह कुस्तो यांची. त्याचे हक्क निकॉनने घेतले आणि १९६३ मध्ये ‘निकोनॉस’ या नावाने तो बाजारात आणला. या मालिकेने पुढे अनेक दशके पाणबुड्यांची साथ केली.

या जातीचा दुसरा पूर्वज जमिनीवरचा आहे. जपानमध्ये कोनिका कंपनीने बांधकामाच्या जागी वापरण्यासाठी धूळ, शिंतोडे आणि आपटणे सोसणारा कॅमेरा काढला होता. त्याचे नाव होते ‘गेन्बा कान्तोकू’, म्हणजे साइटवरचा मुकादम.

डिजिटल युगात पेंटॅक्सचा ऑप्टिओ डब्ल्यूपी (२००५) आणि ऑलिंपसचा म्यू ७२० एसडब्ल्यू (२००६) यांनी या दोन्ही परंपरा एकत्र आणल्या. ऑलिंपसच्या त्या कॅमेऱ्याची मर्यादा ३ मीटर खोली आणि दीड मीटर उंचीवरून पडणे एवढीच होती. नंतरच्या दशकात पॅनासॉनिक, निकॉन, कॅनन, फुजीफिल्म आणि रिको यांच्यात आकड्यांची चढाओढ लागली. निकॉनचा कूलपिक्स डब्ल्यू३०० (२०१७) ३० मीटरपर्यंत, तर पॅनासॉनिकचा एफटी७ (२०१८) ३१ मीटरपर्यंत पोहोचला. पुढे बाजार आटला आणि यांतील बहुतेकांनी या प्रकारातून अंग काढून घेतले. ऑलिंपसचा कॅमेरा व्यवसाय जानेवारी २०२१ मध्ये ओएम डिजिटल सोल्यूशन्सकडे गेला. त्या कंपनीचा टीजी-७ (२०२३) हा आज या वर्गाचा प्रमाण नमुना मानला जातो. रिको-पेंटॅक्सची डब्ल्यूजी मालिका हा त्याचा मुख्य पर्याय आहे.

रचना: सारा भार रबरी कडीवर

साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची भिंगनळी चालू करताच बाहेर येते. दणकट कॅमेऱ्यात ही हलती नळी नसते. प्रकाश पुढच्या काचेतून आत येतो, लोलकावर काटकोनात वळतो आणि कॅमेऱ्याच्या पोटातच असलेल्या भिंगसंचातून संवेदकावर पडतो. झूम आणि फोकस बंद कवचाच्या आत होतात. त्यामुळे पाणी शिरण्याची मोठी वाट मुळातच बंद होते.

उरतात त्या बॅटरीच्या, कार्डाच्या आणि चार्जिंगच्या जागेवरील झडपा. त्यांच्या कडेने एक मऊ रबरी गॅस्केट बसवलेले असते. झडप बंद करून कुलूप लावले की ते दाबले जाते आणि फट बुजते. प्रेशर कुकरच्या झाकणातील रिंग ज्याने पाहिली आहे, त्याला हे तत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. रिंगवर भाताचे शीत अडकले की वाफ बाजूने सुटते. कॅमेऱ्याच्या गॅस्केटवर एक केस, वाळूचा एक कण किंवा रुमालाचा एक धागा राहिला, तरी तिथून पाणी आत शिरू शकते.

पाण्यात दर १० मीटर खोलीमागे सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. १५ मीटरवर पृष्ठभागाच्या अडीचपट दाब असतो. तळहाताएवढ्या कॅमेऱ्याच्या पाठीवर तिथे शंभर किलोंहून अधिक भार पडतो, आणि तो दाब प्रत्येक फटीतून आत शिरू पाहत असतो.

खोक्यावरील आकड्यांचा अर्थ

आयपी सांकेतांक: आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकात ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक येतात. पहिला अंक धुळीबद्दलचा असतो. त्यात ६ म्हणजे पूर्ण धूळबंद. दुसरा पाण्याबद्दलचा असतो. ७ म्हणजे १ मीटर खोलीत ३० मिनिटे, तर ८ म्हणजे त्याहून कठीण, पण निर्मात्याने स्वतः जाहीर केलेल्या अटींनुसार. म्हणूनच ‘आयपी६८’ लिहिलेला फोन आणि ‘आयपी६८’ लिहिलेला कॅमेरा यांची क्षमता वेगळी असू शकते. खोली आणि कालावधी दोन्ही वाचले पाहिजेत. आणखी एक मेख आहे. बुडवण्याची चाचणी उत्तीर्ण होणे म्हणजे नळाची किंवा शॉवरची जोरदार धार सोसणे नव्हे. त्यासाठी ५ आणि ६ हे अंक वेगळे आहेत.

खोलीची मर्यादा: टीजी-७ साठी ती १५ मीटर आहे. स्नॉर्केलिंग पाण्याच्या पृष्ठभागालगत चालते, त्यासाठी ती भरपूर झाली. स्कूबाचा प्राथमिक परवाना मात्र १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा देतो. म्हणजे परवानाधारक पाणबुडा कॅमेऱ्याच्या मर्यादेखाली सहज पोहोचतो आणि त्याला स्वतंत्र पेटी घ्यावीच लागते. शिवाय मर्यादेचा आकडा स्थिर पाण्यातील चाचणीचा असतो. कॅमेरा हाती धरून बोटीवरून उडी मारली किंवा पाण्याच्या घसरगुंडीवरून उतरले, तर क्षणभर बसणारा धक्का त्या चाचणीत धरलेला नसतो.

पडण्याची उंची: २.१ मीटर हा आकडा प्रभावी वाटतो, पण अशा चाचण्यांत कॅमेरा साधारणपणे ५ सेंटिमीटर जाडीच्या प्लायवुडवर टाकला जातो. सह्याद्रीचा बेसाल्ट किंवा पार्किंगमधील काँक्रीट हे प्लायवुड नव्हे. मोठा आपट बसल्यावर कॅमेरा चालू राहिला, तरी त्याची जलरोधकता शाबूत आहे असे गृहीत धरता येत नाही.

थंडी आणि उष्णता: उणे १० अंश सेल्सिअस ही थंडीची नेहमीची मर्यादा. त्या तापमानात बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी. आखाती देशांत राहणाऱ्यांसाठी वरची मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. ती सहसा ४० अंश असते. उन्हात उभ्या गाडीत तापमान याच्या कितीतरी वर जाते. डॅशबोर्डवर विसरलेला दणकट कॅमेरा पाण्याने नव्हे, तर उन्हाने निकामी होऊ शकतो.

काचेवरील धुके: आत कोंडलेल्या हवेची गोष्ट

नव्या ग्राहकांची एक नेहमीची तक्रार असते. पाणी आत शिरलेले नाही, पण पाण्याखाली काढलेली सारी छायाचित्रे धूसर आली आहेत. त्याचे कारण कॅमेऱ्याच्या घट्टपणातच आहे. जी कडी पाणी बाहेर ठेवते, तीच आतली हवा आत ठेवते. दमट किनाऱ्यावर उभे राहून बॅटरी बदलली, तर तिथली बाष्पयुक्त हवा कॅमेऱ्यात कोंडली जाते. मग कॅमेरा तुलनेने थंड पाण्यात गेला की तेच बाष्प पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला दवासारखे जमते आणि पुसताही येत नाही.

यावर उपाय साधा आहे. कार्ड आणि बॅटरी आदल्या रात्री वातानुकूलित, कोरड्या खोलीत भरावी आणि त्यानंतर सहल संपेपर्यंत झडप उघडू नये. चार्जिंग पूर्ण आणि कार्ड मोठे असावे, म्हणजे वाटेत उघडण्याची वेळच येत नाही.

बाहेरच्या काचेवर जमणारे धुके वेगळे. दुबई, मस्कत किंवा दोहा येथे उन्हाळ्यात थंड खोलीतून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर जमते, तेच हे. कॅमेरा बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर न्यावा आणि बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. मुंबईच्या पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून उतरतानाही हीच युक्ती उपयोगी पडते.

पाण्याखालचा प्रकाश

पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषते. पाच-सहा मीटर खोलीवर लाल रंग बराचसा विझतो आणि प्रवाळ निळसर-राखाडी दिसू लागतात. येथे केवळ खोली मोजून भागत नाही. विषयापासून कॅमेऱ्यापर्यंतचे पाणीही तितकाच रंग गिळते. त्यामुळे पाण्याखालील छायाचित्रणाचा पहिला नियम म्हणजे जवळ जाणे. दुसरा नियम म्हणजे कॅमेऱ्यातील पाण्याखालील ‘व्हाइट बॅलन्स’ निवडणे. टीजी मालिकेत चित्राची कच्ची नोंद, म्हणजे रॉ फाइल, ठेवता येते. तिच्यातून रंग नंतर बऱ्याच प्रमाणात परत आणता येतात.

फ्लॅशचा उपयोग हाताच्या अंतरावरच होतो. त्यापलीकडे त्याचा प्रकाश पाण्यातील कणांवरून परावर्तित होतो आणि चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. सपाट काचेतून पाहताना अपवर्तनामुळे वस्तू खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांश अंतरावर भासतात आणि भिंगाची दृष्टिकक्षा अरुंद होते. म्हणून जमिनीवर रुंद वाटणारे भिंग पाण्यात तसे राहत नाही.

या कॅमेऱ्यांचे खरे बलस्थान अतिजवळचे छायाचित्रण हे आहे. टीजी-७ भिंगापासून १ सेंटिमीटरवरील वस्तूवर फोकस करू शकतो. पावसाळ्यातील शेवाळाची फुलोऱ्यासारखी बोंडे, खडकावरचा शिंपला किंवा कीटकाचे संयुक्त डोळे टिपताना तो अनेक महागड्या साधनांच्या तोडीस तोड उतरतो.

मर्यादाही स्पष्ट असाव्यात. त्याचा संवेदक १/२.३३ इंच वर्गातला, म्हणजे फुल-फ्रेम संवेदकाच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा आहे. संध्याकाळच्या मंद प्रकाशात, घरगुती समारंभात किंवा रात्रीच्या शहरदृश्यांत आजचा चांगला फोन आपल्या संगणकीय प्रक्रियेच्या बळावर त्याला मागे टाकतो. फोनपेक्षा सुंदर छायाचित्रे मिळावीत या एकमेव अपेक्षेने हा कॅमेरा घेणाऱ्याची निराशा होईल.

फोन, ॲक्शन कॅमेरा की दणकट कॅमेरा?

फोन पाण्यात बुडून वाचला, तरी त्याचा स्पर्शपडदा पाण्याखाली नीट चालत नाही. अनेक निर्माते पाण्यामुळे झालेली हानी हमीत धरतही नाहीत. गोप्रोसारखे ॲक्शन कॅमेरे चलचित्रासाठी उत्तम असतात. २०१६ च्या हीरो५ ब्लॅकपासून ते पेटीशिवाय १० मीटरपर्यंत जाऊ लागले. पण झूम, फ्लॅश आणि अतिजवळचा फोकस या बाबतीत ते कमी पडतात. दणकट कॉम्पॅक्टला हातमोज्यांतूनही दाबता येणारी खरी बटणे असतात. तरणतलावावर दहा वर्षांच्या मुलाच्या हाती तो निश्चिंतपणे सोपवता येतो. धुळवडीच्या रंगांत आणि विसर्जनाच्या गुलालातही तो बाहेर काढता येतो, आणि नंतर धुऊन पुन्हा खिशात टाकता येतो.

कामाच्या जागी: एक गंभीर सावधगिरी

बांधकाम, बंदरे आणि प्रकल्पस्थळी काम करणाऱ्या अभियंत्यांना हा कॅमेरा सोयीचा वाटतो. मात्र तेल, वायू आणि रसायनांच्या प्रकल्पांत एक गैरसमज जिवावर बेतू शकतो. धूळबंद आणि जलरोधक म्हणजे स्फोटसुरक्षित नव्हे. ज्वलनशील वायू असण्याची शक्यता असलेल्या क्षेत्रात ठिणगी न पडण्याची हमी देणारे ॲटेक्स किंवा आयईसीईएक्स प्रमाणपत्र असलेले उपकरणच लागते. आयपी सांकेतांकाचा त्याच्याशी काही संबंध नाही. तसेच आखाती देशांत सरकारी व लष्करी ठिकाणांचे आणि संमतीविना व्यक्तींचे छायाचित्रण कायद्याच्या कचाट्यात आणू शकते. कॅमेरा कितीही छोटा असला, तरी परवानगीचा प्रश्न मोठाच असतो.

निगा: पाण्यापूर्वी आणि पाण्यानंतर

पाण्यापूर्वी:
• कोरड्या हातांनी, चांगल्या उजेडात झडपा उघडून गॅस्केट आणि त्याची बैठक दोन्ही तपासावीत.
• धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने ती पुसावीत. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या गॅस्केटला ग्रीस किंवा तेल लावू नये. ग्रीस लागते ते स्वतंत्र पेटीच्या कडीला, आणि तेही निर्मात्याने सांगितलेलेच.
• झडपेची दोन्ही कुलुपे बसल्याची खात्री करून कॅमेरा बादलीभर गोड्या पाण्यात धरावा. एकसारखे बुडबुडे निघाले, तर त्या दिवशी तो समुद्रात नेऊ नये.
• तरंगणारा पट्टा लावावा. हे कॅमेरे पाण्यात बुडतात.

पाण्यानंतर:
• झडप न उघडता कॅमेरा सुमारे दहा मिनिटे गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि आतच बटणे व झूमची कळ हलवावी. तांबडा समुद्र आणि आखात यांची क्षारता प्रति किलो ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे महासागरांच्या सरासरी ३५ पेक्षा अधिक आहे. वाळलेल्या मिठाचे स्फटिक बटणे जाम करतात आणि गॅस्केट झिजवतात.
• नळाच्या जोरदार धारेखाली धुऊ नये. साबण आणि गरम पाणी वापरू नये. सनस्क्रीनचे तेलही रबराला अपायकारक असते.
• कॅमेरा सावलीत वाळवावा. झडप पूर्ण कोरडी झाल्यावरच, तोंड खाली करून उघडावी.

पाणी शिरलेच तर कॅमेरा ताबडतोब बंद करून बॅटरी आणि कार्ड काढावे. चालू करून पाहण्याचा किंवा चार्ज करण्याचा मोह टाळावा, कारण विजेच्या प्रवाहामुळे मिठाच्या पाण्यातील गंज झपाट्याने वाढतो. कार्ड गोड्या पाण्याने हलके धुऊन पूर्ण वाळवले, तर कॅमेरा गेला तरी छायाचित्रे बहुधा हाती लागतात.

निर्माते साधारणपणे वर्षातून एकदा, सशुल्क, गॅस्केट बदलून घेण्याची शिफारस करतात. बहुतेक ग्राहक हे वाक्य वाचतच नाहीत, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी कॅमेरा अनपेक्षितपणे बुडतो.

खरेदी आणि प्रवास

टीजी-७ अमेरिकेत सुमारे ५५० डॉलर किमतीला बाजारात आला. कॅमेरा कोणत्याही देशात घ्यावा, पण हमी कोणत्या देशात चालते आणि गॅस्केट बदलून देणारे सेवाकेंद्र कुठे आहे, हे आधी विचारावे. सुट्टीच्या गावी स्वस्त मिळालेला कॅमेरा राहत्या देशात दुरुस्त होत नसेल, तर ती बचत पहिल्याच वर्षी संपते.

जुना कॅमेरा घेताना पट्ट्याच्या कडीपाशी मिठाचा थर, काचेमागे धुक्याचे डाग आणि गॅस्केटवर चिरा आहेत का, हे पाहावे. विक्रेत्याने काहीही सांगितले, तरी सेवाकेंद्रात तपासून घेईपर्यंत असा कॅमेरा जलरोधक मानू नये. पावसात चालेल, पाण्याखाली नको, असे धरून वागावे.

विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या सामानात, टोके झाकूनच ठेवाव्या लागतात. स्वतंत्र पेटी नेत असल्यास तिची रबरी कडी काढून ठेवावी. नाहीतर हवेच्या दाबातील फरकामुळे पेटी उघडणे अवघड होते.

डिसेंबरच्या सुट्टीत तारकर्लीच्या पाण्यात उतरायचे असो वा मुसंदमच्या खाडीत, तयारीची सुरुवात घरीच होते. कॅमेरा कपाटातून काढावा, झडप उघडावी आणि दिव्याखाली ती बारीकशी रबरी कडी बोटाने नाही, नजरेने एकदा पूर्ण फिरून पाहावी. एखादा केस दिसला, तर त्या वर्षीची सगळी छायाचित्रे त्या एका मिनिटात वाचलेली असतात.